टॉक्स आणि इव्हेंट्सची साइट: आधी डेटा, पानं नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरात रूबी ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि तिच्यावरचं रेल्स हे वेब फ्रेमवर्क (साइट बांधायचा तयार सांगाडा) वापरणाऱ्यांचा एक गट आहे. महिन्याला मीटअप होतं, वर्षातून एखादी छोटी कॉन्फरन्स होते. व्हिडिओ दोन-तीन यूट्यूब चॅनेलांवर पसरलेत, जुन्या कॉन्फरन्सच्या निम्म्या साइट्स आता उघडतही नाहीत, आणि पुढच्या मीटअपची खबर व्हॉट्सॲपवर येते नि शंभर मेसेजांखाली गाडली जाते. हे सगळं एका ठिकाणी आणायचंय. रेल्समध्ये बांधावं की स्टॅटिक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या पानांची साइट करावी? लॉगिन, कमेंट ठेवाव्यात का? डेटा कुठून आणायचा?

फ्रेमवर्कचं सध्या बाजूला ठेवा, ते मी खाली उरकतो. आधी हे ठरवा की साइट बंद पडली तर हातात काय उरेल. निराशावादाने म्हणत नाही. या प्रकारच्या साइट्सचा इतिहासच तसा आहे. अपकमिंग ही इव्हेंट्सची साइट २००३ साली निघाली, २००५ मध्ये याहूने घेतली आणि २०१३ मध्ये बंद केली. लॅनिर्ड २०१० मध्ये सुरू झालं. कुठल्या कॉन्फरन्सला कोण बोललं, स्लाइड्स कुठे आहेत, पुढे काय भरतंय, म्हणजे तुम्हाला हवंय जवळजवळ तेच सगळं तिथे होतं. २०१३ मध्ये इव्हेंटब्राइटने ते विकत घेतलं आणि काही वर्षांनी तेही गेलं. दोन्ही साइट्स चांगल्या लोकांनी चांगल्या बांधल्या होत्या. डेटा मात्र कंपनीच्या डेटाबेसात होता.

आता याच्या उलट उदाहरण बघा, पायथन ही भाषा वापरणाऱ्यांचं. पायव्हिडिओ ही टॉक्सची सूची २०१२ मध्ये दोन स्वयंसेवकांनी उभी केली. ती जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर चालत होती आणि मागे डेटाबेस, ॲडमिन पॅनल, एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमला डेटा मागता यावा अशी सोय) असं सगळं होतं. काही वर्षांत सांभाळणारे थकले, आणि २०१६ मध्ये त्यांनी आता थांबतो असं जाहीर केलं. पण दुसऱ्या काही जणांनी सगळ्या नोंदी जेसन या साध्या मजकुराच्या फायलींमध्ये उतरवून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेवल्या आणि त्या फायलींवरून पेलिकन या साधनाने स्टॅटिक साइट तयार केली. पत्ता तोच राहिला आणि सूचीही वाचली. जँगोचा कोड कितीही सुबक असता तरी त्याने ती वाचली नसती. नोंदी उचलून दुसरीकडे नेता आल्या म्हणून ती वाचली.

रूबीत हेच आज रूबीइव्हेंट्स करतं. आधी त्याचं नाव रूबीव्हिडिओ होतं. ॲप रेल्सचं आहे, डेटाबेस एसक्यूलाइट (एकाच फायलीत मावणारा), कोड खुला. पण कॉन्फरन्स, टॉक, वक्ता यांच्या मूळ नोंदी त्याच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) यामल या माणसाला वाचता येणाऱ्या फायलींमध्ये आहेत. डेटाबेस त्या फायलींवरून भरला जातो. चुकीचं आडनाव दुरुस्त करायचं असेल तर एका ओळीची पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल स्वीकारा अशी विनंती, पुरते. म्हणून माझा पहिला सल्ला कदाचित तुम्हाला आवडणार नाही: तुमच्या गटाच्या जुन्या टॉक्सची नोंद आधी तिथे पाठवा. पुण्यातली डेक्कन रूबीकॉन्फ, कधी पुण्यात तर कधी गोव्यात भरलेली रूबीकॉन्फ इंडिया, असलं सगळं जगाच्या सूचीत असलेलंच बरं. तुमची स्वतःची साइट हवीच असेल (स्थानिक मीटअपसाठी, मराठीत, हवी असणं साहजिक आहे), तर ती त्याच घाटाच्या फायलींवर उभी करा. म्हणजे उद्या तुमचा उत्साह ओसरला तरी काम पाण्यात जाणार नाही.

आता नोंदींची रचना. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

नवखे लोक 'व्हिडिओ' हे मुख्य टेबल करतात आणि त्याला शीर्षक, वक्ता, तारीख चिकटवतात. तिथेच गाडं अडतं. व्हिडिओ म्हणजे टॉक नव्हे. मीटअपमधली कितीतरी टॉक्स रेकॉर्डच होत नाहीत, मग ती झालीच नाहीत का? काही रेकॉर्ड झालेली असतात पण एडिटिंगमध्ये अडकलेली असतात. एकच टॉक माणूस आधी मीटअपला देतो, मग पुण्यात, मग परदेशात. तीन व्हिडिओ, तीनही थोडे वेगळे. आणि लाइटनिंग टॉक्सचा एक तासाभराचा व्हिडिओ असतो, त्यात दहा-बारा जण पाच-पाच मिनिटं बोललेले असतात. ज्याने आयुष्यातलं पहिलं टॉक तिथे दिलं त्याचं नाव तुमच्या सूचीत कुठेच नसेल, तर तुमची साइट त्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे.

रूबीइव्हेंट्सने हे नीट सोडवलंय. टॉक ही स्वतंत्र नोंद, आणि तिला व्हिडिओ कुठून येतो हे सांगणारं एक फील्ड. त्यात यूट्यूब, व्हिमिओ यांच्याबरोबरच 'रेकॉर्ड केलेलं नाही', 'अजून प्रसिद्ध नाही', 'होणार आहे' असंही लिहिता येतं. लाइटनिंग टॉक्सच्या बाबतीत मोठा व्हिडिओ एक, आणि त्याखाली प्रत्येक छोट्या टॉकची वेगळी नोंद, कुठल्या मिनिट-सेकंदाला सुरू आणि कुठे संपतं यासकट. या एका फील्डमुळे येणाऱ्या टॉकची आणि झालेल्या टॉकची नोंद एकच राहते. कार्यक्रम जाहीर झाला तेव्हा 'होणार आहे' असतं, त्या संध्याकाळनंतर 'प्रसिद्ध नाही' होतं, आणि व्हिडिओ चढला की त्याचा आयडी येतो. युआरएल बदलत नाही. 'आगामी' आणि 'संग्रह' अशी दोन वेगळी टेबलं केलीत तर दर महिन्याला कुणीतरी इकडचं तिकडे हलवत बसेल. चार महिने हलवेल, पाचव्या महिन्यात विसरेल.

कॉन्फरन्सच्या बाबतीत मालिका आणि आवृत्ती वेगळ्या ठेवा. मालिका म्हणजे 'रूबीकॉन्फ इंडिया', आवृत्ती म्हणजे तिचं अमुक साल. शहर, जागा, तारखा, साइटचा पत्ता हे सगळं आवृत्तीचं. मीटअपचा गट ही मालिका आणि प्रत्येक महिन्याची बैठक ही आवृत्ती, असं धरलं की वेगळा कोड लागत नाही.

यूट्यूबचं मूळ शीर्षक जसंच्या तसं एका फील्डमध्ये जपा आणि साफ केलेलं शीर्षक दुसऱ्यात. मूळ शीर्षकात कॉन्फरन्सचं नाव, साल, वक्त्याचं नाव, उभ्या रेघा, सगळं कोंबलेलं असतं, आणि प्रत्येक चॅनेलची तऱ्हा वेगळी. साफ करणारा कोड सुधारला की तो पुन्हा मूळ शीर्षकावर चालवता आला पाहिजे. हल्ली हे काम भाषा-मॉडेलला दिलं तर बरंच नीट होतं, पण निकाल थेट साइटवर न सोडता पुल रिक्वेस्ट म्हणून येऊ द्या आणि माणसाने नजर फिरवू द्या. वक्त्याच्या नावाच्या जागी प्रायोजक कंपनीचं नाव लागलेलं मी पाहिलंय.

वक्त्यांचं प्रकरण त्याहून नाजूक. आपल्याकडे जोशी, कुलकर्णी, पाटील, देशमुख या आडनावांना तीच ती दहा-बारा नावं जोडून येतात, त्यामुळे एकाच नावाचे दोन रूबीवाले निघणं मुळीच अवघड नाही. उलट बाजूने एकच माणूस एकदा पूर्ण नावाने, एकदा आद्याक्षराने, एकदा गिटहबवरच्या टोपणनावाने येतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींची जुनी टॉक्स जुन्या नावावर राहतात. म्हणून नाव हा आयडी करू नका. प्रत्येक व्यक्तीला एक कायमचा आयडी, एक सध्याचं नाव, आणि इतर नावांची यादी. जुन्या नावाच्या युआरएलवरून नव्यावर रीडायरेक्ट. जुनं नाव दिसूच नये असं कुणी म्हटलं तर कारण न विचारता काढता आलं पाहिजे, त्यासाठी शोधापुरती नावं आणि दाखवायची नावं वेगळी ठेवा.

शंका असेल तेव्हा जोडू नका. एका माणसाच्या दोन नोंदी झाल्या तर त्या नंतर चुटकीसरशी एक करता येतात. दोन माणसं एका नोंदीत मिसळली तर कुठलं टॉक कुणाचं हे उकलायला प्रत्येक व्हिडिओ उघडून चेहरा बघावा लागतो.

यूट्यूबकडून डेटा आणताना कोट्याचा हिशोब आधी करा. एपीआयचा साधारण रोजचा कोटा १०,००० युनिटचा. 'सर्च' या कॉलला पारंपरिक दर १०० युनिट, म्हणजे शंभर शोधांत दिवस संपला. प्लेलिस्टमधले व्हिडिओ मागणाऱ्या कॉलला १ युनिट लागतं आणि एका वेळी ५० मिळतात. म्हणजे हजार व्हिडिओंचा चॅनेल वीस युनिटांत हातात. प्रत्येक चॅनेलची 'अपलोड' नावाची एक आपसूक प्लेलिस्ट असते; चॅनेलच्या आयडीतलं सुरुवातीचं 'यूसी' काढून 'यूयू' घातलं की तिचा आयडी मिळतो. सर्चला हातच लावू नका. नुसतं नवीन काय आलं एवढंच हवं असेल तर चॅनेलची आरएसएस फीडही (नव्या व्हिडिओंची आपोआप बदलणारी यादी) आहे, तिला ना एपीआयची किल्ली लागते ना कोटा, पण ती शेवटचे १५ व्हिडिओच देते. कॉन्फरन्सवाले एका रात्रीत तीस व्हिडिओ चढवतात तेव्हा फीडवर विसंबलेले निम्मे गमावतात.

व्हिडिओ गायब होतात हेही धरून चाला. कंपनी बंद होते, चॅनेल जातो, कुणीतरी 'प्रायव्हेट' करतं. आठवड्यातून एकदा सगळे आयडी पन्नास-पन्नासच्या गटाने एपीआयला विचारा; जे उत्तरात येत नाहीत ते गेले. नोंद पुसू नका, व्हिडिओ उपलब्ध नाही अशी खूण करा. टॉक झालं होतं ही गोष्ट खोटी होत नाही.

आता कॅलेंडर. लोक साइटवर येऊन पुढचं मीटअप बघतील ही आशा सोडा. त्यांच्या फोनमधल्या कॅलेंडरात ते आपोआप उमटलं पाहिजे. त्यासाठी आयकॅलेंडर या फॉरमॅटची एक फाइल पुरते, तिचं मानक आरएफसी ५५४५, २००९ सालचं. फॉरमॅट जुना आणि दिसायला सोपा, पण तीन ठिकाणी हमखास ठेच लागते. पहिलं, प्रत्येक कार्यक्रमाचा 'यूआयडी' (ओळखीची खूण) कायम तोच हवा. साइट तयार होताना दर वेळी नवा यूआयडी निघाला तर लोकांच्या कॅलेंडरात एकच मीटअप पुन्हा पुन्हा उगवतं. दुसरं, दिवसभराच्या कार्यक्रमाची शेवटची तारीख या फॉरमॅटमध्ये धरली जात नाही. कॉन्फरन्स २० आणि २१ तारखेला असेल तर शेवट २२ लिहावा लागतो. २१ लिहिलंत तर दुसरा दिवस कॅलेंडरातून उडतो, आणि हे कळतं ते कुणी रविवारी आलंच नाही तेव्हा. तिसरं, रद्द झालेला कार्यक्रम फाइलमधून काढून टाकू नका, त्याचं स्टेटस 'रद्द' करा, नाहीतर काही ॲप्समध्ये तो तसाच बसून राहतो.

वेळ लिहिताना नुसतं साडेपाच तासांचं अंतर न लिहिता 'एशिया/कोलकाता' असं झोनचं नाव लिहा. आपल्याकडे घड्याळ पुढेमागे होत नाही म्हणून फरक जाणवत नाही, पण ऑनलाइन सत्राचा वक्ता अमेरिकेत असला की मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा तास सरकतो. आणि तारखा साल-महिना-दिवस याच क्रमाने साठवा. ३/४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकन माणसाला ४ मार्च.

एक मर्यादा गटाला आधीच सांगून ठेवा: गूगल कॅलेंडर बाहेरची फाइल स्वतःच्या सवडीने वाचतं, त्यात तासन् तास जातात. दुपारी हॉल बदलला तर तो व्हॉट्सॲपवरच सांगावा लागणार. साइटने व्हॉट्सॲपची जागा घ्यायची नसते. तिथे टाकलेली लिंक दोन वर्षांनीही उघडली पाहिजे, तेवढं साइटचं काम.

मीटअप डॉट कॉम या प्लॅटफॉर्मवर गट चालवत असाल तर तिथून डेटा आणताना जपून. ते २०१७ मध्ये वीवर्कने घेतलं, २०२० मध्ये विकलं, आणि २०२४ मध्ये ते बेंडिंग स्पून्सकडे गेलं. मालक बदलले की दर बदलतात, एपीआयच्या अटी बदलतात. मूळ नोंद तुमच्या फायलीत ठेवा आणि तिथे फक्त नोंदणी घ्या.

मराठीतून साइट करणार असाल तर शोधाबद्दल हे वाचाच, कारण कागदपत्रांत ते सहज नजरेतून निसटतं. एसक्यूलाइटचा एफटीएस५ हा शोध छोट्या साइटला उत्तम आहे. पण त्याचा मूळ टोकनायझर (मजकूर शब्दांत तोडणारा भाग) अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. आपली काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडच्या हिशोबात 'चिन्हं' आहेत, अक्षरं नव्हेत. मग तो तिथे शब्द तोडतो. 'कार्यशाळा' या शब्दाचे 'क', 'र', 'यश', 'ळ' असे चार तुकडे होतात. 'पुणे' याचे होतात 'प' आणि 'ण', आणि 'पाणी' याचेही तेच. पुण्यातली मीटअप्स शोधणाऱ्याला 'पाणी आणि चहाची सोय आहे' असं लिहिलेली सगळी पानं मिळतात. उपाय एका ओळीचा आहे: टेबल तयार करतानाच टोकनायझरच्या 'कॅटेगरीज' या पर्यायात चिन्हांचे 'एमएन' आणि 'एमसी' हे दोन वर्ग वाढवायचे.

तेवढ्यावर भागत नाही. 'दुसऱ्या' हा शब्द कुणाच्या कीबोर्डवर 'ऱ' ने उमटतो, कुणाच्या 'र' नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसतो सारखाच, बाइट्स वेगळे, शिवाय ते अदृश्य चिन्हही शब्द तोडतं. सूचीत घालण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्हीकडे एकाच रूपात आणा. विभक्तीचं काय? 'पुणे' शोधणाऱ्याला 'पुण्यात' सापडत नाही. पूर्ण उपाय अवघड आहे. शहरांची नावं वेगळ्या फील्डमध्ये मूळ रूपात ठेवली की रोजचं काम भागतं. आणि तांत्रिक शब्दांना दोन्ही लिप्या द्या. 'ॲक्टिव्ह रेकॉर्ड' देवनागरीत लिहिणारे थोडे, रोमनमध्ये टाइप करून शोधणारेच जास्त.

लॉगिन, कमेंट, नोकऱ्यांचा फलक, गप्पांची खोली यातलं काही पहिल्या वर्षी नको. प्रत्येकाला रोज एक सांभाळणारा माणूस लागतो आणि तुमच्याकडे तो नाही. त्याऐवजी प्रत्येक पानाखाली 'दुरुस्ती सुचवा' अशी लिंक द्या, जी थेट गिटहबवरची ती फाइल एडिटरमध्ये उघडते. ज्यांना गिट हे कोडमधले बदल सांभाळणारं साधन येत नाही (मीटअपची जागा, चहा, प्रायोजक बघणारी मंडळी बहुतेक यातलीच असतात) त्यांच्यासाठी एक साधा फॉर्म, ज्यातून गिटहबवर इश्यू (करायच्या कामाची नोंद) तयार होईल. आणि पुल रिक्वेस्टवर आपोआप तपासणी: तारीख बरोबर आहे का, वक्त्याचा आयडी यादीत आहे का, व्हिडिओ आयडी दोनदा आलाय का. ही तपासणी नसेल तर सहा महिन्यांत फायलींचा उकिरडा होतो.

आता फ्रेमवर्क. काही शे टॉक्स असतील तर स्टॅटिक साइट, गिटहब पेजेसवर, फुकट. शोध ब्राउझरमध्येच चालवला तरी चालतो. हजारोंच्या घरात गेलात, वक्त्यांना स्वतःचं पान सांभाळायचं असेल, 'मी हे पाहिलं' अशी खूण हवी असेल, तेव्हा रेल्स आणि एसक्यूलाइट. एका छोट्या सर्व्हरवर निभतं. फायली त्याच राहतात, म्हणून हा निर्णय आज चुकला तरी उद्या फिरवता येतो. व्हिडिओचा प्लेयर पान उघडताच लोड करू नका. आधी नुसतं चित्र दाखवा, क्लिक केल्यावर प्लेयर आणा. वीस एम्बेड असलेलं पान मोबाइलवर रांगतं.

गिटहब ॲक्शन्स या आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीवर रोजचं काम लावाल तेव्हा दोन गोष्टी. वेळापत्रक मुळात यूटीसी या जागतिक वेळेत चालतं, म्हणजे 'मध्यरात्र' आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते. आणि सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल नसेल तर वेळापत्रकावरची कामं गिटहब आपणहून बंद करतं. उन्हाळ्यात मीटअप थंडावतात, जूनमध्ये परत सुरू होतात आणि साइट मात्र मार्चमध्येच अडकलेली दिसते.

डोमेन एकाच माणसाच्या कार्डावर ठेवू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पेमेंटचे नियम लागू झाले तेव्हा परदेशी रजिस्ट्रारकडची (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडची) आपोआप होणारी नूतनीकरणं कितीतरी जणांची अडकली, आणि मेल गेला नोकरी बदललेल्या माणसाच्या जुन्या पत्त्यावर. पाच वर्षांचे पैसे एकदम भरा, खात्याचा मेल गटाचा ठेवा, पासवर्ड दोघांकडे असू द्या.

हे सगळं बांधण्याआधी या आठवड्यात करण्याजोगं एक काम आहे, त्याला कोडची एकही ओळ लागत नाही. जुन्या आयोजकांना फोन करा. मूळ रेकॉर्डिंग कुणाच्या हार्डडिस्कवर आहे, वेळापत्रकाची एक्सेल शीट कुणाच्या मेलमध्ये आहे, ते विचारा. यूट्यूबवरून व्हिडिओ उतरवून दुसरीकडे चढवणं त्यांच्या अटींत बसत नाही, पण मूळ फाइल आणि वक्त्याची परवानगी असेल तर इंटरनेट अर्काइव्हवर प्रत ठेवायला कुणाची हरकत नसते. पुढच्या कार्यक्रमापासून टॉकचा प्रस्ताव घेतानाच ही परवानगी एका चौकोनात टिक करून घ्या. मागच्यांची एकेकाला विचारूनच घ्यावी लागेल, आणि हार्डडिस्का जुन्या होत चालल्यात.